वडे कशावर तळले

महिपतने माझ्या लेकीचं, राहीचं, ठरलेलं लग्न एका वाक्याने मोडलं. म्हणून मीही त्याला एका वाक्यातच बांधून टाकला. मारामारी नाही, कोर्ट नाही, भावकीची बैठक नाही. शेणाच्या पाट्या आणि एक पाइप, एवढ्यात काम झालं. सहा वर्षं झाली त्याला. त्याची सून घरात रुळली, तिची पोरं माझ्या ओसरीवर खेळतात, आता कुणाचं काही मोडायचं राहिलेलं नाही. म्हणून लिहिते.

महिपत माझा पुतण्या, चुलत दिराचा मुलगा. आमची वाडी पावसच्या रस्त्याला. वाडीचं रेशनचं दुकान त्याच्याकडे, म्हणजे साखर त्याच्याकडे आणि घासलेटचं पिंपही त्याच्याकडे. ज्याच्या हातात पिंप, त्याच्या हातात बायकांची मान. तो दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसे आणि आम्ही डबे घेऊन उन्हात उभ्या.

ब्याऐंशी साल ते. डिझेल महागलं, पेट्रोल महागलं, असं रेडिओ सारखा सांगायचा. मी मनात म्हणायची, महागू दे, माझ्या दारात ना मोटार ना होडी. पण महागाई कुठून कुठे पोचते ते मला त्या वर्षी कळलं. मिरकरवाड्याच्या काही होडीवाल्यांना डिझेल परवडेना, ते इंजिनात घासलेट मिसळायला लागले. आणि ते घासलेट त्यांना कोण देणार? आमचा महिपत. पिंप वाडीत यायचं, दोन बायकांचे डबे भरायचे आणि उरलेलं टेम्पोत चढून मिरकरवाड्याला जायचं. आमच्या चुलीचा जाळ तिकडे समुद्रात मासे धरत फिरत होता.

एका सकाळी मी तासभर उभी राहिले. माझा नंबर आला तसा महिपत म्हणाला, "काकी, संपलं."

"संपलं की पाठवलंस?" मी विचारलं. "टेम्पो मी बघितलाय."

वीस बायका ऐकत होत्या. त्याला ते झोंबलं. म्हणाला, "काकी, तुझ्या गोठ्यात पाच जनावरं हायत. त्यांचं शेण जाळ. घासलेट माणसांसाठी असतं."

बायका हसल्या. ज्यांना मी बाळंतपणात न्हाऊ घातलं त्याही हसल्या. मी रिकामा डबा घेऊन घरी आले. पण त्याचं बोलणं मी सोडून नाही दिलं. शेण जाळ म्हणाला ना, बरं.

त्याच महिन्यात पंचायत समितीचा एक साहेब गोबरगॅसचं सांगत गावोगाव हिंडत होता. बारीकसा, खांद्याला पिशवी. आमच्या ओसरीवर बसून त्याने खडूने जमिनीवर खड्डा काढला, खड्ड्यावर लोखंडाची टाकी काढली, टाकीतून चुलीपर्यंत पाइप काढला. शेण आणि पाणी कालवून खड्ड्यात ओतायचं, ते आत कुजतं, त्याचा गॅस वर चढतो. मला पटलं. मग त्याने खडूने आणखी एक रेघ ओढली, थेट मागच्या परसापर्यंत.

"आणि मावशी, तुमचा संडास आहेच मागे. तोही जोडून टाकू. गॅस वाढेल."

संडास आमच्याकडे होता खरा. माझा मुलगा रघू मुंबईला गोदीत, त्याला तिकडची सवय लागलेली. वर्षातून दहा दिवस यायचा, त्याच्यासाठी बांधून घेतला होता, मग आम्हीही वापरायला लागलो. साहेबाचं बोलणं ऐकून मी त्याला ओसरीवरून उठवला. आमच्यात अजून इतकी अवदसा आलेली नाही म्हटलं. तो पायरी उतरला, मग मीच परत बोलावला, कारण त्याचा चहा अर्धा राहिला होता. चहा पिता पिता तो म्हणाला, बरं, नुसतं शेण.

जांभ्याचा दगड फोडायला दहा दिवस गेले. बांधकाम बाबल्या गवंड्याने केलं. शेण कालवायला राही. सकाळी उठून कोपरापर्यंत हात घालायची, गाणं म्हणत. आतल्या गॅसने टाकी वर उचलली जायला तीन आठवडे लागले. मग एक दिवस काडी लावली आणि निळी ज्योत फुरफुरत उभी राहिली. धूर नाही, काजळी नाही. अर्धी वाडी चहा प्यायला येऊन गेली. त्या आठवड्यात आणखी दोन घरांनी साहेबाकडे फॉर्म भरले.

रांगेतून डबे कमी झाले की महिपतच्या पोटात दुखणारच.

राहीचं त्या वेळी पावसला ठरलं होतं. आंब्याची बाग असलेलं घर, मुलगा शिकलेला. वाडीतल्या हौसाने जुळवलं होतं ते. नारळ झाला, साखर झाली, दिवाळीनंतरची तारीखही काढली. आणि महिपतला मुलाचा बाप पावसच्या एसटीत भेटला. महिपत त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पोरगी गुणाची हाय हो. फक्त त्यांच्याकडे भात संडासाच्या गॅसवर शिजतो, तेवढं चालवून घ्या."

दोन दिवसांनी नारळ परत आला. हौसा पदराचं टोक पिळत दारात उभी राहिली. "आता काय सांगू काकी, ते म्हणतात त्या घरचं पाणीसुद्धा नको," म्हणाली. कुणी सांगितलं ते तिने दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा सांगितलं.

राही रडली नाही. हात तसेच शेणाचे, गोठ्याच्या दारात उभं राहून सगळं ऐकलं आणि परत कामाला लागली. त्या दिवशी गाणं मात्र नाही म्हटलं. मला ते रडण्यापेक्षा लागलं.

मी दुकानावर भांडायला गेले नाही. मी बाबल्याला बोलावलं.

"तो साहेब सांगत होता तो संडासाचा पाइप जोडून टाक."

बाबल्या बघत राहिला. "काकी, तुम्हीच तर त्याला हाकलून दिलात."

"तेव्हा दिलं. आता माझ्या घराबद्दल कुणी खोटं बोलून गेलंय. माझ्या घराबद्दल खोटं बोललेलं मला चालत नाही. खरं करून टाक."

बाबल्या परगावचा, तोंडाचा घट्ट. एका दिवसात पाइप पुरला, वर माती ओढली. घरात मला आणि राहीला ठाऊक, बस. पहिल्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही, खोटं का सांगू. राही समोर बसून जेवत होती. म्हणाली, "आये, ज्योत निळीच हाय. भातपण तसाच. बघ तरी." तिसऱ्या दिवशी मी बघितलं. भात भातासारखाच होता. त्या दिवसापासून माझ्या मनातली घाण गेली. महिपतच्या मनातली गेली नव्हती, आणि मला तेच हवं होतं.

मग मी वाट बघत बसले. मला वाट बघता येते.

श्रावणात नारळ समुद्रात पडला, होड्या बाहेर निघाल्या, महिपतचं पिंप होड्यांकडे धावायला लागलं. गणपतीत सगळे चाकरमानी घरी आले. महिपतचा मुलगाही आला, आणि त्याच्यासाठी संगमेश्वरकडचं स्थळ ठरायला आलं. मुलीचा बाप मुंबईला रेल्वेत, माणसं तोलामोलाची. गणपती पोचवून झाले की दुसऱ्या दिवशी जेवायला येतो म्हणाले. वडे-सागोतीचं जेवण. दहा माणसं.

आणि त्याच चार दिवसांत घाटात दरड कोसळली. घासलेटचा टँकर पलीकडे अडकला. महिपतने शेवटचं पिंप मिरकरवाड्याला रवाना केलेलं, नवीन येईलच या भरवशावर. घरात चार स्टोव्ह, तेल एकात नाही.

तुम्ही म्हणाल, लाकडं नव्हती का? आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक घर पावसाळ्याची लाकडं भरून ठेवतं. पडवीत अशी रचतात की भिंत दिसू नये. महिपतने त्या वर्षी एक फाटी भरली नव्हती. घासलेटवाल्याला लाकडं कशाला, म्हणून चुलीसुद्धा फोडून टाकल्या होत्या. त्याची बायको दमयंती सकाळपासून घरोघर हिंडली. प्रत्येक घरात पडवीभर लाकडं, आणि प्रत्येक घरातून उत्तर एकच, "भिजलीत गो." रांगेत उभ्या केलेल्या बायकांना काय बोलायचं ते शिकवावं लागत नाही.

शेवटी ती माझ्या मागच्या दाराने आली. सोललेल्या कोंबड्यांचं पातेलं डोक्यावर, वड्याचं पीठ काखेत.

"काकी, मी पाया पडते. एवढं शिजवून घेऊ द्या."

"तू पाया पडू नकोस," मी म्हटलं. "तुझ्याशी माझं काही नाही. नवऱ्याला पाठव. पुढच्या दाराने."

आला. छत्री मिटून पायरीखाली उभा राहिला. पागोळ्यांचं पाणी पाठीवर पडत होतं तरी वर ये म्हटलं नाही मी.

"काकी, माणसं दीड तासात येतील."

"माझ्याकडचं जेवायला घालशील त्यांना? संडासाच्या गॅसवरचं?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "ते तोंडातून गेलं माझ्या, काकी."

"खरं होतं?"

"नव्हतं."

"मोठ्याने बोल, मला कमी ऐकू येतं."

"खोटं होतं ते. मला काय ठाऊक नाय? साहेबाला तू हाकललास ते अख्ख्या वाडीला ठाऊक हाय. नुसतं शेण हाय."

बघा कसं असतं. दुसऱ्या कुणाला संशय आला असता. ह्याला येणार नव्हता, कारण लबाडी ह्याची स्वतःची होती. मी म्हटलं, "आण पातेलं."

दमयंती आणि राहीने मिळून केलं. सागोती रटरटली, वडे टम्म फुगले. एकसारखी आच असली की वडा कसा होतो ते लाकडाच्या चुलीवाल्यांना नाही कळायचं. गणपती पोचवून झाले होते ते बरं, देवाचा नैवेद्य त्यावर करायची वेळ आली असती तर मला देवाशीही बोलून घ्यावं लागलं असतं.

जेवणाला मी महिपतच्या घरी वाढायला उभी होते. मुलीच्या बापाने आठ वडे खाल्ले. महिपतने त्याच्या मांडीला मांडी लावून सहा. बाप बोटं चाटत म्हणाला, "महिपतराव, येताना बघितलं, सगळीकडे स्टोव्ह विझलेत. तुमच्याकडे एवढं साग्रसंगीत कसं?"

महिपतने माझ्याकडे बघितलं. मी सागोतीचा डाव हातात धरून थांबले. बोलल्याशिवाय वाढणार नव्हते.

"काकीच्या गोबरगॅसवर," तो म्हणाला. "फार स्वच्छ काम असतं."

"असं? मग आम्हीही बसवू," बाप म्हणाला. "तुम्ही सांगताय म्हणजे बघायला नको."

साखर वाटली, तारीख धरली. पाहुणे एसटीला गेले तसं मी महिपतला म्हटलं, "चल, तुला टाकी दाखवते. स्वच्छ काम म्हणालास, नीट बघून तरी घे."

त्याला गोठ्यामागे नेलं. टाकी दाखवली. मग काठीने माती उकरत गेले, एक हात, दोन हात. पाइप उघडा पडला. कुठून येतो ते त्याने डोळ्यांनी मागे मागे बघत नेलं, थेट रघूच्या संडासापर्यंत. मग तो जवळच्या चिऱ्यावर बसला.

"हे कधी केलंस?"

"तू पावसला बोललास त्याच्या आठव्या दिवशी. पुतण्या आहेस, तुझा शब्द खाली पडू दिला नाही."

तो तोंडावर हात धरून उठला आणि केळीच्या बुंध्याशी गेला. सहाच्या सहा वडे तिथे. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

"आता सांग जा सगळ्यांना," मी म्हटलं. "पहिल्यांदा व्याह्यांना सांग. आठ खाल्ले त्यांनी."

त्याने चूळ भरली आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"नाही ना सांगणार? मग ऐक. उद्याच्या गाडीने पावसला जायचं, आणि त्या बागवाल्याला सांगायचं की मी खोटं बोललो होतो. आणि पुढचं पिंप मिरकरवाड्याला गेलं तर मी संगमेश्वरला जाईन."

तो गेला. जायलाच लागलं. आणि वर्षभर जो भेटेल त्याला काकीच्या गॅसची तारीफ सांगत राहिला, कारण कुणी गॅसबद्दल वाकडं बोललं की आधी ह्यालाच घाम फुटायचा. पिंप दुकानातच राहू लागलं. बायकांचे डबे भरू लागले.

पावसचे लोक पंधरा दिवसांनी नारळ घेऊन आले. बाप, मुलगा आणि मागे हौसा. मी त्यांना तोंडावर सांगून परत पाठवणार होते, वाक्यही तयार होतं. पण राहीने मला थांबवलं. "आये, तू बस. नारळ माझ्यासाठी आलाय."

ती आत गेली, चहा ठेवला, स्वतः घेऊन आली. त्यांनी घेतला. बाप म्हणाला, "आमचं चुकलं. महिपतरावांनी सगळं सांगितलं."

"आणखी देऊ?" राहीने विचारलं.

दोघांनी आणखी घेतला. मुलगा पहिल्यांदाच बोलला, "चहा फक्कड आहे. गॅसवरचाच ना?"

"गॅसवरचाच," राही म्हणाली. "तेव्हा एकदा येऊन बघितलं असतंत तर मी तेव्हाच पाजला असता. आता मला तुमच्याकडे यायचं नाय." आणि नारळ उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

ते खळ्यातून बाहेर पडेपर्यंत मी ओसरीवरून हलले नाही. आत आले तर राही कपबशा विसळत होती, आणि गाणं म्हणत होती. मला बघून थांबली.

"आये, बशीत थेंब ठेवला नाय त्यांनी."