उलेमा म्हणजे अनेक

"ज्याला सगळं ठावं हाय, त्याला आपलं तेवढं ठावं करू नगं," दगडाबाई सुनेला म्हणाल्या होत्या. कमल नुसती हसली. हैदराबादेत कॉलेज शिकून आलेली ती. सासूबाईंचा मास्तरांवरचा राग तिला अडाणीपणाच वाटला.

मास्तर म्हणजे बन्सीधरराव, कमलला घरी येऊन फारसी शिकवणारे. अरबी-फारसीत अख्ख्या परभणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोहल्ल्यातले लोक कौतुकानं त्यांना 'उलेमा' म्हणत, अन् मास्तर दर वेळी कान उपटत.

"अगं, उलेमा म्हणजे अनेक. मी पडलो एकटा, मला आलिम म्हणा. इल्म म्हणजे ज्ञान. ते ज्याच्यापाशी, तो आलिम. अन् जे कळलं, ते मालूम. एकाच मुळाच्या फांद्या या, कमल."

रोज तोंडात घोळणारा 'मालूम' इतक्या लांबून आलाय, याचंच तिला अप्रूप.

तिचा नवरा भुजंग निजामाविरुद्धच्या चळवळीत होता. पोलीस मागावर लागले तसा तो नाहीसा झाला. कुठं, ते फक्त कमलला माहीत. आईलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात तान्ह्याला ताप चढला. मास्तर बघायला आले, पाळण्याशी बसले अन् हळूच म्हणाले, "लेकराचं काही कमीजास्त झालं तर बापाला कळवायचं कुठं?"

कमीजास्त! तेवढा एकच शब्द आईच्या काळजात शिरला. तिनं सांगून टाकलं. राणीसावरगाव, मुंजाजीच्या शेतातला आखाडा, म्हणजे गुरांजवळचं खोपट.

ताप उतरला, अन् पोलिसांचे अमीनसाहेब दारात उभे राहिले. विचारलं काहीच नाही.

"राणीसावरगाव, मुंजाजी का आखाडा. हमें सब मालूम था, बाई. तुम्हारा आदमी पकडा गया."

बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, असं बजावून दारात एक जवान बसवून ते गेले. दगडाबाईंनी हंबरडा फोडला. कमल अमीनसाहेबांचा तो एकच शब्द घोळवत राहिली. मालूम म्हटलं की त्याच्यामागं आलिम आलाच. हे व्याकरण तिला शिकवलं कुणी?

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. जवानानं अडवलं तर नाहीच, उलट उठून सलाम केला.

"मास्तर, तुमची चूक सापडली," कमल म्हणाली. "लोक म्हणतात तेच खरं. उलेमाच. तुमी एकटे कुठं? अमीनसाहेब पण जाणते निघाले की."

मास्तरांच्या हातातली खडीसाखरेची पुडी हातातच राहिली. "माझा जावई सरकारी नोकरीत आहे गं. त्याच्यावर बालंट आलं असतं."

"अन् माझ्या लेकराचा बाप?"

"आता काय इचारायला आलात?" दगडाबाई आतूनच कडाडल्या. "पाळणा बी घेऊन जावा!"

मास्तर गडबडीनं उठले. निघायला निमित्त हवं म्हणून बोलून गेले, "पूर्णेची गाडी गाठायचीय. केशरबाईची सासू लय आजारी आहे म्हणे."

केशरबाई त्यांची दुसरी शिष्या. तिचा भाऊ चळवळीतला, असाच नाहीसा झालेला. ठिकाण एकटीला ठाऊक.

कमलला दार बंद आहे. म्हणून ती तुमालाच विनवते. पूर्णेला तुमचं कुणी असेल, तर केशरबाईच्या घरी एकदा डोकावून या. आजारणीच्या उशाशी कोण बसलंय, तेवढं बघा.