मास्तरांचा एक इंच

मास्तरांच्या गळ्यातल्या टेपेला पहिला इंचच नव्हता. बावीस वर्षांपूर्वी तो इस्त्रीखाली सापडून जळाला आणि मास्तरांनी जळका तुकडा कात्रीने कापून टाकला. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी नवी टेप आणून मोकळा झाला असता. पण मास्तर पडले चिवट. टेप एकपासून सुरू होते ना, मग जो आकडा दिसेल त्यातून एक वजा करायचा, की झालं. छत्तीस दिसले की वहीत पस्तीस. पहिले आठ दिवस त्यांना आठवण ठेवावी लागली, पुढे हातालाच सवय झाली, आणि मग डोक्याचा त्या कामाशी काही संबंध उरला नाही.

दुकान एका खोलीचं. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, खिडकीशी मास्तरांच्या बायकोची खुर्ची. काज, बटण, हुक, तुरपाई हा सगळा प्रांत तिचा. मास्तर कापत आणि बोलत, ती शिवे आणि ऐके, आणि मधूनच एखादं वाक्य असं टाके की मास्तरांना कात्री खाली ठेवावी लागे. चाळीस वर्षांत माप चुकलं म्हणून या दुकानातला एकही कपडा परत आला नव्हता. "तराजू चुकेल, घड्याळ चुकेल, माझं माप चुकायचं नाही," असं मास्तर दिवसातून एकदा तरी ऐकवत. नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता, आणि पंचाईत अशी की ते बोलत ते खरं होतं.

मग परगावी राहणाऱ्या लेकीने वाढदिवसाला नवी टेप पाठवली. पिवळीधमक, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. लेकीने हौसेने पाठवलेली, वापरायला तर हवी. मास्तरांनी जुनी टेप फेकून दिली, नवी गळ्यात घातली आणि सुरुवात घरातूनच करावी म्हणून पहिलं माप स्वतःच्या कमरेचं घेतलं. टेपेने तेहेतीस दाखवले. मास्तरांनी वहीत बत्तीस लिहिले.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "तेहेतीसचा बत्तीस झालो. संध्याकाळच्या चालण्याचा गुण आला."

"नव्या टेपेने माणूस बारीक होतो हे ठाऊक असतं, तर मी दरवर्षी एक आणली असती," बायको म्हणाली.

दोघंही हसले. गोष्ट इतकी नाकासमोरून गेली, पण दोघांच्याही लक्षात आली नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत नव्या टेपेने आणखी अकरा जणांची मापं घेतली. कापड कापताना मास्तर लाकडी पट्टी वापरत, आणि ती बिचारी वहीत जे लिहिलंय तेवढंच मोजून देई. अकरा कपडे सगळीकडून एकेक इंच कमी शिवले गेले आणि एकेक करून घरोघर पोचले.

पहिली आली बेकरीवाली. "मास्तर, ड्रेस दंडात रुततोय हो."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ताई, माप तुमचंच आहे. दिवसभर बेकरीत उभं राहायचं, येता-जाता चव बघायची. ते कुठेतरी दिसणारच."

बेकरीवाली ओशाळून गेली. शाळेच्या मोठ्या बाईंचा कोट पुढून मिटेना, पण त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. "सुट्टीत बसून खाल्लं, आता भोगते," असं स्वतःच म्हणाल्या. पँट घोट्याच्या वर राहते असं कुणी म्हटलंच, तर मास्तरांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. पोट पुढे आलं की कापड वर ओढलं जातं, दंड भरले की बाही वर चढते. ऐकायला ते अगदी शास्त्रोक्त वाटे. मास्तरांचं चुकलं असेल अशी शंका एकाही गिऱ्हाइकाला आली नाही, आणि मास्तरांना तर नाहीच नाही. उलट ते ज्याला त्याला चालण्याचे फायदे सांगत सुटले. आठवड्याभरात गल्लीत सकाळी चालणाऱ्यांची गर्दी झाली आणि बेकरीतल्या बिस्किटांच्या बरण्या संध्याकाळीही गळ्यापर्यंत भरलेल्या राहू लागल्या.

सगळ्यांत मनावर घेतलं ते पोस्टमनने. हा मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. येत्या शनिवारी तो निवृत्त होणार होता. पोस्टाच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी त्याने आयुष्यातला पहिला सूट शिवायला टाकला होता. घालून बघायला आला, तर हुक आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर. तो आरशासमोर बराच वेळ उभा राहिला.

"आठ दिवस आहेत," तो म्हणाला. "या पँटीत मी बसून दाखवतो."

त्या दिवसापासून साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि जिथे लिफ्ट असेल तिथेही पत्रांची पिशवी खांद्यावर टाकून जिना. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली.

मंगळवारी दुपारी मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेली पँट घालून बघायला बाहेर काढली. एक पाय घातला, दुसरा घातला, श्वास आत घेतला, आणखी घेतला. हुक काही लागेना. मास्तर गेली तीस वर्षं पाखरासारखं जेवत होते, त्यांचं अंग कधी तोळाभर हललं नव्हतं. त्यांनी टेप कमरेला लावली. तेहेतीस. वहीत पाहिलं. बत्तीस. मग त्यांनी टेप टेबलावरच्या लाकडी पट्टीशेजारी ठेवली. दोन्ही शून्यापासून सुरू होत होत्या.

मास्तर स्टुलावर बसले. पँट अर्धवट वर, हुक उघडा. त्यांना एकापाठोपाठ एक अकरा चेहरे आठवले. बेकरीवालीला आपण काय बोललो ते शब्दाशब्दाने आठवलं आणि लाजेने कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बायको मान खाली घालून काज करत होती. सांगावं असं वाटलं, पण त्यांनी पँट उतरवून घडी घातली आणि वही मिटली.

मग डोकं पळवाटा शोधायला लागलं. लोक स्वतःलाच दोष देताहेत, तर देऊ द्यावा. आपण कपडे मागवून घ्यावेत, नव्या कपड्याला एकदा हात फिरवून देतो म्हणावं, आणि गुपचूप इंच सोडून द्यावा. शिवणीत कापड भरपूर दाबलेलं होतं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही, असं मनाला समजावून ते बुधवारी सकाळी पोस्टमनला रस्त्यात गाठायला गेले.

"पँट दे रे जरा," मास्तर म्हणाले, "थोडी ढिली करून देतो."

"मुळीच नाही," पोस्टमन म्हणाला. त्याचे गाल आत गेले होते, पण डोळे चमकत होते. "तुझं माप म्हणजे माप. पस्तीस वर्षं तुझे कपडे घालतोय, कधी बोटभर इकडेतिकडे झालं नाही. तेव्हा वाढलोय तो मीच. मीच कमी होणार. भाषणसुद्धा लिहून ठेवलंय बघ." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पहिलंच वाक्य. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र उशिरा पोचलं नाही. तुझं माप आणि माझं पत्र, गल्लीत या दोन गोष्टींवर डोळे मिटून विश्वास टाकावा."

चाळीस वर्षं मिरवलेला लौकिक आज त्यांच्याच पायात आला होता. ते तसेच परत फिरले. त्या दिवशी दुकानात त्यांची बडबड ऐकू आली नाही.

"तब्येत बरी नाही का?" बायकोने विचारलं.

"बरी आहे."

"मग चांगलीच बिघडलेली दिसते," ती म्हणाली आणि पुन्हा तुरपाईला लागली.

गुरुवारी दुपारी पोस्टमन टपाल द्यायला दुकानाच्या पायरीवर आला आणि आत यायच्याऐवजी दाराची चौकट धरून हळूहळू खालीच बसला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. बायको पाणी घेऊन धावली. समोरून बेकरीवालीने पाहिलं आणि तीही साखर घातलेलं दूध घेऊन आली. पोस्टमनने दुधाकडे बघून मान हलवली. "नको ताई, दोनच दिवस राहिलेत. पँट..."

"पी," मास्तर म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की तेच दचकले. "पी म्हणतो ना. तू जाड झालेला नाहीस. माप माझं चुकलंय."

मग मास्तरांनी जळलेल्या इंचापासून पिवळ्या टेपेपर्यंत सगळं सांगितलं, आणि मंगळवारपासून ठाऊक असून गप्प बसलो, हेही सांगितलं. ते शेवटचं सांगताना त्यांची नजर जमिनीवरून वर येईना. "माझ्या नावाला जपत बसलो आणि तुला उपाशी मारलं," ते म्हणाले. "ताई, तुम्हालाही नको ते बोललो. चूक माझी होती."

पोस्टमनने मास्तरांकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं, आणि पेला एका दमात रिकामा केला.

"सहा दिवस मी उकडलेला दुधी खाल्ला," तो तोंड पुसत म्हणाला. "सहा दिवस, मास्तर."

"मी गव्हाच्या एका कणाला शिवले नाही," बेकरीवाली म्हणाली. "माझीच बेकरी, आणि मी वास घेऊन पोट भरतेय."

आणि ती हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. पोस्टमनला पायरीवर बसल्या बसल्या हसू फुटलं, मास्तरांची बायको सुई हातात धरून डोळे पुसू लागली, आणि शेवटी मास्तरांच्याही छातीवरचा धोंडा हलला. आपल्याला कुणी इतक्या आनंदाने हसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पण हसून काम होत नाही. मास्तरांनी मापाची वही काखेत मारली आणि उरलेल्या नऊ घरांची पायरी स्वतः चढले. प्रत्येक दारात तेच वाक्य, "चूक माझी, कपडा द्या, उद्या संध्याकाळपर्यंत वाढवून देतो." एकाने चार शब्द सुनावले, ते त्यांनी मान खाली घालून ऐकले. मोठ्या बाई मात्र त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे मी आहे तेवढीच आहे?" त्यांनी दोनदा विचारलं आणि आतून बिस्किटांचा डबा आणून मास्तरांसमोरच उघडला. मास्तर जिथून निघत तिथे मागे स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागत. शुक्रवारी बेकरीतल्या बरण्या दुपारीच रिकाम्या झाल्या. दुकानात नवरा-बायकोने दिवसभर शिवणी उसवल्या, दाबलेलं कापड मोकळं केलं, खडूच्या नव्या रेघा मारल्या आणि पुन्हा शिवलं. लांबी वाढवताना मास्तरांनी प्रत्येक माप मोठ्याने वाचलं आणि बायकोने ते पुन्हा वाचलं. संध्याकाळी अकराच्या अकरा कपडे घरी पोचले.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पोस्टमन सूट घालून मंचावर उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर देखणा दिसत होता. त्याने खिशातून कागद काढून उघडला.

"पस्तीस वर्षांत," त्याने वाचायला सुरुवात केली, "माझ्या हातून एकही पत्र..."

आणि थांबला. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मास्तरांकडे त्याने एकदा पाहिलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"एक पत्र उशिरा पोचलं," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी. मास्तरांची लेक नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हाचं तिचं पहिलं पत्र. वहिनी खिडकीत बसून रोज माझी वाट बघायच्या. म्हणून ते पत्र मी पिशवीत न ठेवता खिशात ठेवलं, सगळ्यांत आधी द्यायचं म्हणून. खिसा होता फाटका. पत्र अस्तरात गेलं. बारा दिवसांनी सापडलं, आणि मी दारात जाऊन म्हणालो, वरून यायलाच उशीर झाला. बारा दिवस त्या माउलीने काय काढले असतील, ते मी रोज बघत होतो. परवा मास्तरांनी मला शिकवलं, म्हणून सांगतोय. माफ करा, वहिनी."

मग मोठ्या बाईंनी टाळी वाजवली आणि त्यांच्या मागे सगळ्यांनी. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस आपल्यामुळे सगळ्यांसमोर कमी झाला, असं त्यांना आधी वाटलं. पण त्याच्याकडे पाहिलं तर तो शाळेतल्यासारखा हलका होऊन मंचाच्या पायऱ्या उतरत होता.

पोस्टमन थेट मास्तरांच्या बायकोसमोर येऊन उभा राहिला. "रागावलात, वहिनी?"

"भाऊजी, पाकिटाच्या मागे आपल्या पोस्टाचा शिक्का असतो," ती म्हणाली. "त्यावर तारीख असते. मला वाचता येतं."

पोस्टमनचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं."

"मग अकरा वर्षं एक शब्द बोलली नाहीस?" मास्तरांनी विचारलं. "मलासुद्धा?"

"काय बोलायचं? खोटं बोलताना त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त रडवेला झाला होता. म्हटलं, माणूस चांगला आहे, सांगेल कधीतरी." तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून पोस्टमनसाठी जागा केली आणि खाण्याची बशी त्याच्या हातात दिली. "बसा आता आणि पोटभर खा. शिवणीत अजून अर्धा इंच ठेवलाय मी."