विळीवरची बैठक

व्यंकोबाकाकांनी सुताराकडून थोरल्या पेटीचं माप घेववलं, तेव्हा जयलक्ष्मी ती वाजवतच होती. सुतार भला माणूस. टेप लावताना तिचा हात आला की थांबायचा.

थोरली पेटी म्हणजे फोर्तेपियानो, पियानोची पणजी. एकसष्ट पट्ट्या, सांगाडा सगळा लाकडाचा, बोटाएवढ्या हातोड्यांवर कातडं. तरंगंबाडीच्या कुणा पाद्र्याने ती काकांच्या आजोबांना दिली. कशाबद्दल दिली, हे त्या घरात दोघांनी कधी सारखं सांगितलेलं नाही. काकांना तिच्या लाकडातून मुलीच्या लग्नासाठी ऊंजल करायचा होता. वधूवरांना झुलवायला झोपाळा हवाच, आणि अक्रोडाच्या फळीवर कुंभकोणम्‌मध्ये तोवर कुणाचा जावई बसलेला नव्हता.

जयलक्ष्मी त्यांची पुतणी. त्रिचीच्या कॉन्व्हेंटात पियानो शिकलेली. तिचं म्हणणं, दीडशे वर्षांपूर्वीचे व्हिएन्नाकडचे सोनाटे असल्याच पेटीसाठी रचलेत. इथे प्रत्येक सूर चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखा सुटा लागतो, मोठ्या पियानोवर त्याचाच रसमभात होतो.

काकांनी अट घातली. भजनमठात वाजव, निम्मे लोक शेवटपर्यंत बसले तर पेटी राहील. मोजणीला मला नेमलं. मी पोस्टातला, शिवाय दोघांचाही नातेवाईक नाही. आमच्या आळीत अशी माणसं कमी.

जयलक्ष्मीने दोन दिवस खपून तारा लावल्या. कार्यक्रमाच्या दुपारी मठाचे व्यवस्थापक गुरुमूर्ती स्टुलाकडे बघत उभे राहिले. देवासमोर मठात कुणी उंचावर बसत नाही, कलाकारही नाही. तिने समजावलं, ते ऐकत गेले, आणि शेवटी म्हणाले, "बरोबर आहे अम्मा. पेटीचे पाय काढा."

पाय स्क्रूचेच होते. काकांनी ते स्वतः फिरवून काढले आणि फार उत्साहाने घरी नेऊन ठेवले. पेटी एकावर एक रचलेल्या पाटांवर आली.

अठ्ठावन्न माणसं जमली, काकांना धरून. जयलक्ष्मी मांडी घालून बसली आणि सुरू झाली, आणि शेंगदाणे कुठेच दिसेनात. एका सुरात दुसरा, दुसऱ्यात दहावा. भांड्यांची मांडणी कलंडली आणि कलंडतच राहिली, असं काहीतरी. पाच मिनिटांत अकराजणांना नाचियार्कोविलची बस आठवली. ती दर अर्ध्या तासाला असते. आणखी सतरा कॉफीला गेले. काका माझ्याकडे बघून मान डोलावत होते, तालावर नव्हे.

तिने हात उचलले. पट्ट्यांखाली वाकून पाहिलं आणि हसली. सूर लांबवायची तरफ त्या पेटीत गुडघ्यापाशी असते. गुडघा वर नेला की तारांवरचे दाबे उठतात आणि नाद घुमत राहतो. खाली घेतला की सूर मिटतो. मांडी घातली की गुडघा सारखा तरफेला टेकलेला. दाबे उठले ते उठलेच.

गुरुमूर्तींनी विचारलं, आता स्टूल आणू का. डोळे त्यांचे देवाकडे.

"नको मामा," ती म्हणाली. "विळीवर बसत्ये तशी बसत्ये."

लुगडं आवरून तिने डावा पाय आडवा घेतला आणि उजवा गुडघा उभा केला, रोज वांगी चिरताना करते तसा. पहिल्यापासून वाजवायला घेतलं. हवा तिथे गुडघा वर, नको तिथे खाली. सूर सुटे पडू लागले. बायकांच्या बाजूला कुजबुज थांबली. ती बैठक त्यांच्या ओळखीची होती, तिच्यातून असलं काही निघतं हे ठाऊक नव्हतं. शेवटचा भाग इतका पळाला की कॉफीला गेलेल्यांतला एक परत येऊन दारात उभा राहिला, हातात पेला तसाच. त्याला मी अर्थात मोजलं नाही. मठात कॉफी चालत नाही.

संपल्यावर मी मोजलं. मधे एक म्हातारी उठून गेली होती. अठ्ठावीस. निम्मे एकोणतीस.

काकांनी मला पुन्हा मोजायला लावलं, मोठ्या न्यायबुद्धीने. पुन्हा अठ्ठावीस.

जयलक्ष्मी अजून तशीच बसलेली होती. तिने मला विचारलं, "आणि काकांना धरलंत?"

ते माझ्या शेजारीच उभे होते, म्हणून नजरेतून सुटले. सुरुवातीच्या अठ्ठावन्नांत ते होते. उठून गेलेल्यांत नव्हते.

"मी ऐकत नव्हतो," काका म्हणाले.

बसण्याची अट आहे, ऐकण्याची नाही, असं मी सांगितलं.

ऊंजल शेवटी सागवानाचा झाला. पेटी घरी परतली, पण पाय काही सापडले नाहीत. काकूच्या लोणच्याच्या बरण्या मात्र हल्ली एका छान घोटीव पायांच्या चौरंगावर असतात. जयलक्ष्मीने ते पाहिलंय. ती मागत नाही.