मिस व्हर्लीनचं तळघर

“बूट! आधी बूट घाल पोरीला!” मिस व्हर्लीन त्यांच्या परसातून ओरडल्या.

बूट माझ्या हेझलच्या पायांत सकाळपासूनच होते; वादळानंतर काचा-खिळ्यांतून चालावं लागतं. माझ्याही. टीव्हीवरच्या हवामानवाल्याने दुपारी कोट काढून शर्टाच्या बाह्या दुमडल्या, तेव्हाच मी डायपरची पिशवी दाराशी आणून ठेवली होती. आमच्या ओक्लाहोमात लोक आकाशापेक्षा त्याच्या बाह्यांवर जास्त विश्वास ठेवतात. मी दोन्हींवर लक्ष ठेवून होते, शिवाय मोबाईलवरच्या रडारवरही. माझा नवरा क्ले मला हसतो. “तू कॉलेजात जाऊन नेमकं शिकलीस काय, घाबरायला?” असं विचारतो. पण क्ले आज दूरच्या तेलविहिरीवर होता, आणि लांबून हसणं सोपं असतं.

मग टोर्नेडोचा भोंगा वाजला.

आमच्या गल्लीत सगळे ट्रेलर, चाकांवर आणून ठेवलेली पत्र्याची घरं. वाऱ्याने मनात आणलं तर पत्र्याचे रिकामे डबेच. पक्कं घर एकट्या मिस व्हर्लीनचं, आणि परसात नवऱ्याने खणून ठेवलेलं तळघरही त्यांचंच. इकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. उभा जन्म त्यांनी गावच्या शाळेत मुलांना जेवण वाढलं. भोंगा झाला की तळघराची लोखंडी झडप उघडून त्या उभ्या राहायच्या, आणि रांगेतल्या मुलांना हाक मारावी तशी एकेकाला हाक मारायच्या. सगळे आत गेले की “कोण राहिलं?” असं विचारायच्या, आणि मग स्वतः उतरायच्या, झडप ओढून घेत. गल्लीला आत घेतल्याशिवाय त्या कधी आत गेल्या नाहीत.

आकाश हिरवं पडलं होतं, मुक्या माराचा डाग जुना होताना पडतो तसं. वारा एकदम थांबला. मला वाऱ्याची भीती वाटते. तो थांबला की जास्त वाटते. मी हेझलला कडेवर घेऊन धावले.

शेजारचा लॉइड बियरचा डबा हातात धरून ओट्यावर उभा होता. इथल्या पुरुषांना भोंगा ‘आत जा’ म्हणत नाही, ‘बाहेर येऊन बघा’ म्हणतो.

“ढगातून सोंड उतरतेय बघा, मिस व्हर्लीन! काय देखणी आहे!”

“तुझ्या दोन्ही बायकांबद्दल हेच म्हणाला होतास. मुकाट्याने आत हो!”

लॉइड हसत, टोपी सावरत माझ्या मागून उतरला. खाली भेंडीच्या लोणच्याच्या बरण्या, जुनी ब्लँकेटं, आणि बाकांवर सगळी गल्ली. मोबाईलच्या उजेडात चेहरे पांढरे दिसत होते.

“केंड्रा,” वरून हाक आली. “तू जरा वर ये. ही झडपेची साखळी धर.” मी हेझलला घेऊनच वर गेले.

यंदा मला एक गोष्ट खटकत होती. हिवाळ्यात मिस व्हर्लीनचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. त्यानंतर भोंगा झाला की त्या खाली येतच नव्हत्या. झडपेखालच्या पहिल्याच पायरीवर बसून राहायच्या. “इथून नीट ऐकू येतं,” म्हणायच्या. सगळ्यांना ते पटलं होतं. मला पटलं नव्हतं, कारण दुसऱ्या पायरीकडे पाय टाकून तो मागे घेताना मी त्यांना बघितलं होतं.

आज त्या पहिल्या पायरीवरही नव्हत्या. बाहेर गवतात, काठीवर भार देऊन उभ्या होत्या.

“ओढ आतून आणि कडी घाल. मी घरात जाते. न्हाणीघरातल्या टबमध्ये आडवी होईन, वर गादी घेईन. ओव्हनमध्ये मक्याचा पाव राहिलाय.”

“वीज मघाशीच गेलीय, मिस व्हर्लीन.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून खाली, उजेडातल्या त्या चेहऱ्यांकडे बघितलं. “उभ्याने नाही उतरता येत मला आता. बुडावर बसून, एकेक पायरी. तुझ्या हेझलसारखं.” त्यांनी ओठ घट्ट केले. “आणि खालची निम्मी पोरं माझ्या हातची जेवलेली आहेत. लाव झडप.”

त्या वळल्या. पहिली गार पत्र्यावर बंदुकीसारखी वाजली.

मी हेझलला कुणाच्या हातात देत नाही. तिच्या आजीला हे अजून लागून राहिलंय. आणि पायऱ्यांच्या तळाशी, सगळ्यांत जवळ, लॉइड होता. मी दोन पायऱ्या उतरले आणि पोरगी त्याच्या छातीवर टेकवली. बियरचा डबा खाली पडला.

“धरलीय,” तो म्हणाला. “जा तू.”

“उजेड बंद करा! सगळ्यांनी!” मी खाली हाक दिली.

“अगं, पण का?” कुणीतरी विचारलं.

“बंद करा म्हणते ना ती!” लॉइड खेकसला.

मी परसात पळाले. गारा डोक्यावर बसत होत्या. मिस व्हर्लीन अर्ध्या वाटेवरच होत्या. काठी चिखलात रुतत होती. त्यांच्या काखेत हात घालून मी ओरडले, “आत अंधार केलाय! पूर्ण अंधार!”

त्या क्षणभर थांबल्या. मग वळल्या.

त्या पायरीवर बसल्या, थोड्या सरकल्या, आणि मी मागून आत येऊन झडप ओढली, कडी घातली. काळोखात कापड सिमेंटवर घासल्याचा आवाज, एक दबलेला श्वास, आणि खालच्या पायरीवर आदळणं. तळघरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

“धप्प,” हेझल म्हणाली.

ट्रेलरच्या पायऱ्या उतरताना आम्ही घरी तसंच म्हणतो. तिचं तोंड दाबायला मी जवळ नव्हते.

पुन्हा घासणं, श्वास, आदळणं. “धप्प.”

“हो गं बाई,” काळोखातून मिस व्हर्लीन म्हणाल्या. “धप्प.”

मग कानांत दडे बसले, झडप कुणी उपटत असल्यासारखी कडीवर आदळू लागली, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

वर आलो तेव्हा आमचे ट्रेलर जागेवर होते, एकाचं छप्पर सोडून. मिस व्हर्लीनच्या घराची न्हाणीघराकडची बाजूच नव्हती. टब होता, त्यात विटा, काचा आणि कुणाच्या तरी कुंपणाचा खांब आडवा. मिस व्हर्लीननी काठीने टबातली एक वीट बाजूला सारली.

“टब चांगला होता,” म्हणाल्या. बस्स.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भोंगा झाला. भिंतीच्या जागी निळी ताडपत्री फडफडत होती, आणि मिस व्हर्लीन झडपेशी उभ्या राहून हाका मारत होत्या. आम्ही उतरलो, बसलो.

“कोण राहिलं?”

“कुणी नाही,” लॉइड खालून म्हणाला. “या तुम्ही.” आणि त्याने आपला मोबाईल विझवला. त्याच्या शेजारच्याने विझवला. मग पलीकडच्या बाकावरचे, एकेक करून.

शेवटी उजेड फक्त माझ्या हातात उरला. रडारवरचा लाल डाग आमच्या गावाकडे सरकत होता. मी तो एकदा बघितला आणि मोबाईल बंद केला.

काळोखात हेझल माझ्या मांडीवर ताठ बसली होती, कान देऊन, पहिल्या पायरीची वाट बघत.