पितळी डोळ्यांच्या मासळीची दोरी

डोळे मिटा आणि समजा, तुमच्या हातात कोंबड्याचं एक पीस आहे. ते जोरात समोर फेका बघू. कुठे गेलं? तुमच्याच पायाशी पडलं ना? कितीही ताकद लावा, पीस लांब जात नाही. आता समजा, ते पीस तुम्हाला नदीत पार मधोमध नेऊन टाकायचं आहे. खडा बांधून भिरकवायचं नाही. काय कराल?

नांदेडच्या इतवाऱ्यात राहणारी अकरा वर्षांची मनतशा कालपासून अशाच एका कोड्यात अडकली होती.

तिचा शारिकचाचा तिकडे हिमाचलात, एका डोंगरी नदीकाठच्या तंबूंच्या मुक्कामावर कामाला होता. तिथल्या गार पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. लांबलांबून पाहुणे येतात, पिसांचे खोटे किडे-मासे गळाला बांधून त्याला फसवतात, हातात धरून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात.

"सोडायचाच हाय तर धरतात कशाला?" मनतशानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"मी बी पहिल्या दिवशी हेच विचारलं," चाचा म्हणाला. "तवा मालक म्हणले, तू आधी भांडे घास."

आता चाचा भांडी घासत नव्हता. दोन वर्षांत तो पाहुण्यांना ती लांब काठी धरायला शिकवू लागला होता. त्या काठीची गंमत अशी, की तिच्या दोरीला शिशाचं वजन लावत नाहीत. दोरीच जाड आणि वजनदार असते. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते, पुढे आणली की पुढे उलगडते, आणि जाता जाता टोकाचं पीसही सोबत नेते. म्हणजे पीस फेकायचं नसतंच. फेकायची असते दोरी.

आणि ती पिसांची मासोळी बनवायचे मनतशाचे आजोबा. ती त्यांना दादाअब्बा म्हणायची. ताहेर पटवेकरी म्हटलं की सराफ्यातला कुणीही त्यांचं घर दाखवील. पन्नास वर्षं त्यांनी रेशमी दोऱ्यात गळ्यातल्या पोती गाठवल्या, पदकं बसवली, गोंडे बांधले. आता लोक सगळं तयारच आणतात. दादाअब्बांची बोटं रिकामी राहू लागली होती. अशात चाचानं पिसांच्या माशांचे फोटो पाठवले आणि ती बोटं पुन्हा कामाला लागली.

या खेपेला त्यांनी मोठी मासळी बांधली होती. बोटभर लांब, तपकिरी पिसांची, डोळ्यांच्या जागी दोन पितळी मणी. पिसांच्या खाली तांब्याची तार गुंडाळलेली, म्हणजे ती थेट तळाशी जाईल. मोठे ट्राउट तळाशीच बसतात. मुक्कामाचे मालक म्हणाले होते, "ही पाहुण्यांना नीट फेकता आली तर पुढचं सगळं काम तुझ्या अब्बांनाच." त्या दिवशी दुपारी दादाअब्बा दोनदा जेवले, असं दादी सांगायची.

पण काल, सुट्टीवर घरी आलेल्या चाचानं गोदावरीच्या घाटावर ती मासळी फेकून पाहिली. गळाचं टोक दादाअब्बांनी पकडीनं आधीच मोडून ठेवलं होतं म्हणून बरं. पहिल्या झटक्याला ती चाचाच्या मानेवर आदळली. दुसऱ्या झटक्याला दोरीचा गुंता होऊन तीन पायऱ्या खाली पडली.

कपडे धुणारी एक बाई हसून म्हणाली, "भाऊ, मासे धरून राहिले का माश्या हाकलून राहिले?"

घरी आल्यावर चाचा म्हणाला, "अब्बा, लई जड झाली ही. तार काढून टाका."

"तार काढली तर वर तरंगल. मग ती कोणत्या कामाची?"

"पण जड असली तर पाण्यापर्यंतच जात न्हाई!"

दादाअब्बांनी मासळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी फळीवर सारली. "तुझी गाडी उद्या हाय. तू जा. ही राहू दे इथंच."

मनतशाला ते बोलणं मुळीच आवडलं नाही. दादाअब्बा रागावले असते तरी चाललं असतं. पण ते रागावले नव्हते. ते नुसते भिंतीला टेकून बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

सकाळी तीच चाचाच्या मागे लागली. "दोरी बदलून बघ ना. तुझी रोजची दोरी बारक्या किड्यांसाठी हाय, तूच म्हणला होता."

चाचाच्या पिशवीत आणखी दोन दोऱ्या होत्या, एक हिरवी आणि एक तपकिरी. एक पाहुणा जाताना त्या विसरून गेला होता. त्यांच्यावरच्या वजनाच्या चिठ्ठ्या केव्हाच पडल्या होत्या. काठी दणकट होती, तिला दोन्ही चालल्या असत्या.

"जड मासळीला जड दोरी लागती, एवढं मला ठाऊक हाय," चाचा म्हणाला. "पण यातली जड कोणती?"

वजनाचा प्रश्न निघाला की पटवेकऱ्याच्या घरातली माणसं एकाच ठिकाणी जातात. मनतशानं मासळीची डबी दादाअब्बांच्या खिशात कोंबली आणि तिघं सराफ्यात, उमाशंकरशेठच्या सोन्याच्या दुकानी पोचले.

"या ताहेरभाई! आज सोनं सोडून नाडा मोजायला आणला का?"

"शेठ, हसू नका. पोरीनं ओढून आणलंय," दादाअब्बा म्हणाले.

शेठनं काचेच्या पेटीतल्या काट्यावर एकेक वेटोळं ठेवलं. हिरवी भरली चोवीस ग्रॅम. तपकिरी एकवीस. झालं, हिरवी जड! चाचानं ती तिथंच काठीच्या चकरीवर गुंडाळली आणि तिघं घाटावर गेले.

हिरवी दोरी छान उडाली, अगदी सावकाश, लांबच लांब. पण टोकाची मासळी अर्ध्या वाटेतच खाली आली आणि धप्पकन काठाशी पडली. चाचानं पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. दादाअब्बा मागच्या पायरीवर बसले होते. ते उठले आणि विजार झटकू लागले.

मनतशा मात्र पायऱ्यांकडे बघत होती. चाचाच्या चपलांभोवती हिरव्या दोरीची वेटोळी पडली होती.

"चाचा, ही पायाशी पडलेली दोरी काय करून राहिली?"

"काई न्हाई. नुसती पडली. फेकताना बाहेर असती ती काठीच्या टोकापुढची. तीन काठ्यांएवढी."

"मग शेठनं तर सगळीच मोजली. पडलेली बी."

चाचानं वाकून पायाशी पडलेली वेटोळी उचलली. सराफ्यात दागिना पूर्णच मोजतात. अर्धी साखळी कुणी काट्यावर ठेवत नाही. म्हणून तिघांपैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं, की इथे मोजायचा तो नुसता पुढचा तुकडा.

पुन्हा सराफा. चाचानं काठी आडवी धरून दोन्ही दोऱ्यांचा पुढचा भाग मोजला, तीन काठ्या. तेवढाच काट्यावर ठेवायचा आणि उरलेली दोरी मनतशानं अधांतरी धरायची.

"हात हलवू नको बेटा, आकडा नाचायलाय," शेठ म्हणाले. त्यांनीही आता हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

मनतशानं श्वाससुद्धा रोखला. हिरवी साडेबारा. तपकिरी पंधरा.

"उलटंच झालं की!" शेठ म्हणाले.

दादाअब्बांनी तपकिरी दोरी उचलली आणि अंगठ्या-बोटामधून हळूहळू सरकवली. टोकाला बारीक, मग लगेच जाड, आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकदम बारीक. हिरवीचा जाडपणा दूरपर्यंत पसरलेला होता.

"हिचं पोट पुढं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पदक जड असलं की त्याच्या जवळचा दोर दुहेरी करतो आपण. मागं कितीबी जाड करा, उपयोग न्हाई. पन्नास वर्षं हेच केलं मी, आन् इथं सुचलं न्हाई."

घाटावर तिसऱ्यांदा पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चाचानं तपकिरी दोरी मागे नेली, तिला पुरती उलगडू दिली आणि पुढे सोडली. दोरीचं जाड पोट पुढे धावलं, त्याच्यामागे मासळी ओढली गेली, डोक्यावरून सूं करून गेली आणि पार मधल्या पाण्यात पडली.

दादाअब्बांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी मनतशाचा खांदा धरला. "बुडाली का गं?"

"बुडाली, दादाअब्बा. लगेच बुडाली."

त्यांनी खिशातून रिकामी डबी काढून चाचाच्या हातावर ठेवली. "ने. तारेसकट ने."

चाचानं आणखी पाच वेळा फेकून पाहिली. तीनदा छान गेली, दोनदा फसली. दोरी काठीबाहेर जास्त सुटली की पोट फार पुढे जायचं आणि सगळा डौल मोडायचा. "मला अंदाज येईल," तो म्हणाला. "पण नव्या पाहुण्याला कसं कळावं, कुठवर सोडायची ते?"

त्या संध्याकाळी चाचा सामान बांधत होता. मनतशानं तपकिरी दोरी जमिनीवर पसरली, काठीनं तीनदा मापली आणि तिथे बोट ठेवलं. मग दादाअब्बांच्या पेटीतून तांबडं रेशीम काढलं. दादाअब्बा हात पुढे करत होते, तिनं तो बाजूला केला, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि काठीवरच्या दोरी ओवायच्या कड्यांतून अडकल्याशिवाय जाईल असा खुणेचा पहिला बारीक वेढा तिथे घातला.