चार चाकांची हवा

डॉक्टरांनी बायको गेल्याचं सांगितलं, त्या दुपारी मी आमची पिकअप दवाखान्यातून एकटाच घरी आणली. तेव्हा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पहिल्यांदा पाहिला. टायरात हवा कमी झाली की लागतो तो. एरवी गाडी तीच चालवायची. मी कुंड्या बनवायच्या, तिने गिऱ्हाइकांकडे पोचवायच्या, अशी आमची वाटणी.

महिन्याभराने मी पुन्हा गाडीत कुंड्या भरल्या. दिवा होताच. पंपावर चारही चाकांत हवा भरली, दिवा तसाच. दुसऱ्या पंपावरचा म्हणाला, हवा बरोबर आहे. दिव्याला ते पटेना.

मुलगी म्हणाली, "बाबा, विकून टाका ही गाडी. रस्त्यात कुठे अडकलात तर?"

"अगं, नुसता दिवा तर आहे."

"मग विझवून दाखवा. रविवारी मी सोबत येते. दिवा दिसला तर सोमवारी गाडी विकायची."

हट्टी आहे. आईवर गेलीय. गाडी गेली की कुंड्या बंद, आणि मग मी दिवसभर घरात बसून भिंती बघायच्या.

शनिवारी सकाळी पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने गेज लावून पाहिलं आणि कपाळ खाजवलं.

"काका, चाकं किती तपासलीत?"

"चार. पिकअपला असतात किती?"

"पाच. तुमच्या गाडीत स्टेपनीलाही सेन्सर आहे."

"स्टेपनी नवीकोरी आहे. आजवर खाली उतरली नाही."

"वाकून तर बघा."

वाकलो. गुडघे कुरकुरले. खाली लटकलेला टायर चिखलाने माखलेला, झिजलेला आणि पार बसलेला. नवाकोरा टायर मागे डाव्या बाजूला होता. त्यात मी आठवड्यात चार वेळा हवा भरली होती!

"काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," पंक्चरवाला म्हणाला.

मग आठवलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती काळे हात घेऊन आत आली होती. "चाक बदललंय मी. उद्या तेवढं पंक्चर काढून आणा." मी मॅच बघत होतो. 'हं' म्हणालो होतो.

पंक्चरवाल्याने स्टेपनी खाली घेतली. टायरात एक स्क्रू रुतला होता.

"दहा मिनिटांत काढून देतो."

"नको. नुसती हवा भर."

"काका, दोन दिवसांत परत बसेल."

"बसू दे."

तिने मला सांगितलेलं तेवढं एकच काम उरलं होतं.

थोडं अंतर गेल्यावर दिवा विझला. रविवारी मुलगी शेजारी बसली, आम्ही सगळ्या कुंड्या पोचवल्या. ती खूश. परतताना घराच्या वळणावर दिवा पुन्हा लागला.

"बाबा!"

मग तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे चारही चाकं ठीक आहेत?"

"ठणठणीत."

"मग राहू दे गाडी."

आज बुधवार. पंक्चर अजून काढलेलं नाही.