कापसाच्या ढिगातला नायक

प्रभाकरपंत बऱ्हाणपुरातल्या शाळेत मराठी शिकवीत. साध्या गप्पांतही ते वाक्य अर्धवट सोडीत नसत. एकोणीसशे नऊच्या दिवाळीसाठी त्यांनी इटलीतल्या एका मध्ययुगीन कथेवरून संगीत नाटक रचले होते. मूळ कथेत प्रियकर मुलीच्या घरी दारूच्या रिकाम्या पिंपात लपून गातो आणि ती देववाणी समजून बाप लग्नाला होकार देतो. आपल्याकडे सभ्य घरात दारूचे पिंप कुठून आणायचे? पंतांनी नायकाला कापसाच्या ढिगात दडवले. ते सर्वांना पसंत पडले.

वाद होता तो बापाच्या भाषणाचा. पंतांचा सारा जीव त्या गद्यात होता आणि ते पाठ करायचे होते बापाचे काम करणारे नाटक मंडळीचे मालक सुकलालशेठ यांना.

"पंत, लोक गाणं ऐकायले येतात. हे भाषण काटा."

"मुलगी देताना बापाने चार वाक्ये बोलू नयेत, शेठ?"

"चार असती तर बोललो असतो. बरं, तालमीत रंगलं तर ठेवू."

तालीम इतवारा पेठेत, शेठच्या कापसाच्या वखारीत झाली. शेजारीपाजारी जमले. नायक देवराम ढिगात शिरला, पेटी वाजली, त्याने गळा मोकळा सोडला. पण कापसाने आवाज पार गिळून टाकला. बाहेर आली नुसती गुणगुण.

"शेठजी, कापसात मांजर व्याली वाटतं," शेजारच्या भागाबाई म्हणाल्या.

देववाणीच नाही, तर होकार कशाला द्यायचा? गोंधळलेले शेठ ढिगावर बसले आणि आठवले तेच बोलू लागले.

"कन्या ही पित्याकडची ठेव आहे."

ढिगातून शिंक आली.

"ती कोणाच्या हाती सोपवावी, याचा विचार—"

पुन्हा शिंक.

"विचार मोठा आहे, जावईबापू. दमानं ऐका."

वखार हसून लोळली. पंतांचे कान तापले. ते तालीम थांबवायला उठलेही. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आले, की पुढची शिंक चुकू नये म्हणून लोक प्रत्येक वाक्य जिवाचा कान करून ऐकत होते, तेही अगदी शेवटपर्यंत. त्यांच्या वर्गात हे कधी घडले नव्हते.

देवराम बाहेर आला, मिशांना कापूस चिकटलेला. "पंत, माझं गाणं?"

"शेवटी. ढिगाबाहेर."

"आन् भाषण राहू द्या," शेठ म्हणाले. "वाटल्यास वाढवा."

"वाढवणार नाही. पण देवराम, तू अर्ध्या वाक्यात शिंकलास, ते चालायचे नाही. वाक्य संपले, की मग शिंक."

"शिंक काय थांबते का, पंत?"

"का थांबणार नाही? पाहा."

पंतांनी धोतर खोचले आणि ते स्वतःच ढिगात शिरले.